दहा किलोंची सोयरीक

"पोरगी पसंत हाय आमाला," पोह्यांची बशी खाली ठेवत ठमाबाई म्हणाली, "फकस्त वैशाखापर्यंत धा किलो उतरवा तिला."

बाजारात वांगी घासाघीस करून घ्यावीत तशी बोलली बाई! रोह्यातल्या त्या पुढच्या खोलीत सहा माणसं बसली होती, पण एकालाही लाज वाटली नाही. तिचा मुलगा, नवरदेव निलेश, नागोठण्याकडच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारा, तो मान खाली घालून चहा पीत राहिला. मुलीचा बाप हैबतराव भातगिरणीत तोलार. उभा जन्म दुसऱ्यांची पोती काट्यावर चढवण्यात गेला, पण आपल्या पोरीचं वजन असं कुणी तोंडावर मागेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो आढ्याकडे बघत बसला. आणि आई, मालू? ती म्हणाली, "व्हय व्हय, उतरवू की. चांगले पाच महिने हायेत."

आतल्या दाराआड प्रणिता उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

आता मालूलाच एकटीला किती बोल लावायचा? चौऱ्याण्णवचा मार्गशीर्ष चालू होता, प्रणिताला तेविसावं सरलं होतं आणि चार स्थळं येऊन गेली होती. प्रत्येकानं पत्रिकेचं निमित्त काढलं, पण खरं कारण मधल्या माणसाकडून घरी पोचायचंच. हळदीकुंकवाला जावं तर पहिला प्रश्न, "काय गो मालू, पोरीचं जमलं का?" आणि आता पेणची माणसं, रामवाडीत स्वतःचं घर, घरात पापडांचा धंदा, एकुलता एक मुलगा. असं स्थळ दुसऱ्यांदा दारात येतं होय? दहा किलो उतरले नाहीत तर सोयरीक मोडणार, आणि मोडली की गावभर बोभाटा होऊन पोर कायमची घरात बसणार.

रविवारी गिरणी बंद असते. हैबतरावानं प्रणिताला सकाळीच नेऊन पोत्यांच्या काट्यावर उभी केली. काटा चौऱ्याहत्तरवर थांबला. "बाबा, हमाली पण लावणार काय माझी?" असं म्हणून पोरगी हसली. बाप हसला नाही.

वजन उतरवायचं म्हणजे मालूला एकच रस्ता माहीत होता: उपास. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर संकष्टी आणि महिन्याच्या दोन एकादश्या. वजनही उतरेल आणि पुण्यही लागेल, एका दगडात दोन पक्षी. पण हा उपास म्हणजे काय ते ऐका. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तुपात न्हालेली, वर दाण्याचं कूट मूठभर. दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. चार वाजता दोन केळी, एक शेंगदाण्याचा लाडू. रात्री बटाट्याचा कीस, वर तळलेले साबुदाण्याचे पापड. "एकादशी अन् दुप्पट खाशी" हे मालू स्वतः दहादा दुसऱ्यांना चिडवायला म्हणाली असेल. पण ताटात उपासाचं वाढलं की ते खाणं मोजायचंच नसतं, असं तिच्या मनात इतकं घट्ट बसलं होतं की ती म्हण आपल्या घराला लागू पडते हे बाईच्या ध्यानातच येईना.

चार आठवड्यांनी काट्यानं शहात्तर दाखवलं.

"काटा बिघडलाय," मालू म्हणाली.

"माझा काटा बिघडत नाय," हैबतराव म्हणाला. त्याला दुसरं कशाचं नसलं तरी काट्याचं वाईट वाटायचं.

आता चूक कुणाची? अर्थात पोरीची! "चोरून खातेस तू. खा, खा, बस मग जन्मभर माझ्या उरावर!" मालू बोलून गेली. बोलल्यावर तिला स्वतःलाच कसंतरी झालं, पण शब्द परत घेण्याची रीत त्या घरात नव्हती. प्रणिता रडली नाही. तिनं संध्याकाळचा लाडू डब्यात परत ठेवला आणि भांडी घासायला बसली.

माघात वालाच्या शेंगा भरल्या आणि निडीला बायजावन्संनी मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लावायला बोलावलं. बायजा म्हणजे हैबतरावाची थोरली बहीण, सरकारी दवाखान्यात तीस वर्षं आया म्हणून राबलेली विधवा. शेताच्या बांधाला मडकं उलथं घालून वर पेंढा पेटवला होता, भांबुर्ड्याच्या पाल्याचा आणि शेंगांचा वास सुटला होता. सगळे गरम शेंगा सोलून खात होते आणि प्रणिता एका बाजूला साबुदाणेवड्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. शनिवार होता ना!

"काय खातेस गो?" बायजानं विचारलं.

"उपास हाय, आत्या."

बायजानं डब्यात डोकावलं. पाच वडे होते. तिनं एक उचलला, बोटांनी दाबला. तेल निथळलं. "मालू, हा उपास हाय का जत्रा? उकडलेला वाल चालत नाय आन् हे चालतं?"

"वाल उपासाला कसा चालंल, वन्सं?"

"मग उपास कशाला चालवतेस?"

मालूनं मग सगळं सांगितलं, ठमाबाईची अट, चौऱ्याहत्तरचे शहात्तर, सगळं. सांगताना तिला हुंदका आला. बायजा ऐकत राहिली आणि मग तिनं एकच विचारलं, "तुमी दोघी रात्री कधी जेवता?"

कधी म्हणजे? हैबतराव गिरणीतून येणार साडेनऊला, त्याचं आटपलं की मायलेकी बसणार, दहा वाजता. तोवर पोटात कावळे ओरडतात म्हणून येता-जाता चिवडा नाहीतर गूळपोहे. आणि जेवताना उरलंसुरलं सगळं संपवायचं, पातेल्याच्या बुडाचा भातसुद्धा, कारण अन्न टाकू नये. बाईच्या पोटाला उकिरडा समजायची ही रीत कुणी घातली कोण जाणे, पण आपल्याकडे ती धर्मासारखी पाळतात.

"ऐक," बायजा म्हणाली. "दवाखान्यात साखरेचे पेशंट यायचे, डॉक्टर त्यांना काय सांगायचे ते मी रोज ऐकलंय. उपाशी ठेवू नको पोरीला. सकाळी भाकरी दे, दुपारी एक वाटी भात, वालाचं बिरडं, कालवण, पालाभाजी. संध्याकाळी सातला जेवण, गरम, घरधनी येवो नायतर न येवो. उरलेलं गाईला घाल. आन् रोज स्टेशनपर्यंत चालू दे. महिन्याला किलो-दीड किलो उतरंल, जास्त नाय."

"दीड किलो? वैशाख कुठं आला, वन्सं!"

"जे जन्मभर करता येईल तेवढंच कर. लग्नापुरतं करशील तर लग्नापुरतंच टिकंल."

मालूला ते पटलं की तिची दुसरी वाट खुंटली होती म्हणून तिनं ऐकलं, देव जाणे. पण ऐकलं खरं. सातच्या ठोक्याला प्रणिताचं ताट वाढायला लागली. पहिल्या दिवशी पुरुषाआधी जेवायचं म्हणून पोरीच्या घशाखाली घास जाईना. हैबतरावाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "मंग जेवू दे की, मी काय आडवा आलोय?" इतकी वर्षं कुणी त्याला विचारलंच नव्हतं!

दीड महिना बरा गेला. खरं सांगायचं तर त्या घरातला तेवढाच काळ बरा गेला. प्रणिता पहाटे स्टेशनापर्यंत चालून यायची, गाल तांबूस व्हायचे, भाकरी भाजताना गुणगुणायची. काटा दर रविवारी थोडा थोडा खाली सरकायचा. होळीच्या सुमाराला त्र्याहत्तर झालं. "आई, आता स्टेशनचा जिना चढताना धाप लागत नाय गो मला," एकदा ती म्हणाली. मालूला वाटलं, सुटलो बाई.

आणि पाडव्याच्या दोन दिवस आधी ठमाबाई लग्नाच्या याद्या करायला रोह्याला आली.

तिनं प्रणिताला उभं राहायला सांगितलं. गोल फिरायला सांगितलं. मग तोंड वाकडं करून म्हणाली, "कुठं काय उतरलीय? आमच्या भावकीत लोक हसतील हो. तारीख ठरवू, पण छापायच्या आधी मी पुन्हा येऊन बघणार."

झालं! चौऱ्याहत्तरमधून दहा गेले तर चौसष्ट. म्हणजे त्र्याहत्तरवरून नऊ किलो, आणि हातात सहा आठवडे. बायजाच्या हिशेबानं दिवाळी उजाडली असती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं नवऱ्याच्या सासूनं बाशिंग बांधलं. शेजारच्या एका बाईनं सांगितलेला उपाय मालूनं त्याच संध्याकाळी सुरू केला. सकाळी कोमट पाण्यात लिंबू. दुपारी उकडलेला कोबी, बिनमिठाचा. रात्री पुन्हा लिंबू. बस्स.

"आत्या नको म्हणाली होती," प्रणिता म्हणाली.

"आत्या देणार हाय का तुला नवरा? सहा आठवडे कळ काढ. मंग सासरी जाऊन काय खायचं ते खा."

हे वाक्य मालूला पुढं किती रात्री छळणार होतं! पण तेव्हा ती डब्यांना कुलूप लावण्यात गुंतली होती. खरंच कुलूप लावलं तिनं, पोह्यांच्या डब्याच्या कपाटाला, आणि किल्ली कमरेला. पोरगी तिसऱ्या आठवड्यात विहिरीवर चक्कर येऊन पडली. केस कंगव्यात गुच्छानं यायला लागले. पाळी चुकली, तेव्हा मालूनं कुणाला कळू दिलं नाही. आणि काटा? काटा धडाधडा उतरत होता. सत्तर. सदुसष्ट. हैबतराव एका रविवारी काट्याजवळ म्हणाला, "मालू, पोर कशी दिसायला लागलीय बघ तरी." मालू म्हणाली, "तुमी आकडा सांगा."

आकडा चौसष्टवर आला. ठमाबाई येऊन बघून गेली, पत्रिका छापल्या, वैशाखात लग्न लागलं. पोलकं दोनदा आत घ्यावं लागलं होतं. मांडवात बायका मालूला बाजूला घेऊन विचारत होत्या, "काय केलंस गो, आमच्या पोरीलापण सांग." आणि मालू, तुम्हाला सांगतो, मालू फुशारकीनं सांगत होती. बायजा लांब खुर्चीवर बसली होती. ती जेवून उठली आणि मालूशी न बोलता निडीची गाडी पकडून गेली.

पुढचं बायजानं आधीच सांगून ठेवलं होतं. उपाशी ठेवलेलं शरीर सावकाराहून वाईट, दाम दुपटीनं वसूल करतं. रामवाडीच्या घरात प्रणिता पहाटेपासून पापड लाटायला बसायची, उठायची ती दुपारीच. सगळ्यांचं झाल्यावर जेवायची, उरलेलं संपवायची. गणपतीला माहेरी आली तेव्हा पोलकं उसवून सैल केलेलं होतं. दिवाळीत तर ओळखू येईना. पहिला दिवाळसण, जावयासमोर ठमाबाई हैबतरावाला म्हणाली, "तोलार ना हो तुमी? मंग आमाला मापात बरं फसवलंत!" हैबतराव जेवणावरून उठला. त्यानंतर तो पेणला कधी गेला नाही.

तरी मालूला वाटायचं, संसार आहे, होईल सगळं सुरळीत. दुसऱ्या वर्षी कळलं, प्रणिताला दिवस गेलेत. मालूनं देवाला साखर ठेवली. सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं, तेव्हा तिनं दोन दिवस खपून पोरीच्या आवडीचं सगळं केलं: वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, खांडवी. मोठा चार पुडांचा डबा भरून ती एसटीनं निघाली. वडखळला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा डबा मांडीवरून खाली ठेवायलासुद्धा तिचा जीव होईना.

दारात निलेश भेटला. त्यानं पिशवी घेतली आणि हळूच म्हणाला, "आई, तुमी तरी सांगा तिला. डॉक्टरांनी सांगितलंय, बाळ वाढत नाय पोटात. ती काय खातच नाय."

"खात नाय म्हंजे?"

"त्या दिवाळसणापासून सुरू केलंय, लिंबूपाणी आन् कोबी. आमच्यासमोर घास घेत नाय. लाटलेल्या पापडांचा हिशेब जुळत नाय तेवढं कळतं. पिठाच्या लाट्या खाते, कच्च्या. चोरून."

मालू आत गेली. मखरात हिरवी साडी नेसवून, फुलांची वाडी भरून प्रणिताला बसवलं होतं. मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पोट तेवढं पुढं, आणि बाकी सगळं आत गेलेलं. बायका ओव्या म्हणत होत्या, पुढं पंचपक्वान्नांचं ताट होतं, आणि पोरगी पोळीचे तुकडे करून ते भाताखाली लपवत होती. तिच्या मागं उभी असलेली ठमाबाई मालूला बघून जवळजवळ रडकुंडीला आली. "इहीणबाई, देवाशपथ मी तिला उपाशी ठेवत नाय हो. एकदा बोलले असंन, दोनदा बोलले असंन. आता पाया पडते तरी खात नाय." अट घालणारी ती हीच बाई, पण मालूला तिचा राग येईना. कपाटाला कुलूप कुणी लावलं होतं हे मालूला चांगलं ठाऊक होतं.

बायका गेल्यावर मालूनं प्रणिताला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि डबा उघडला. बिरड्याचा वास सुटला.

"खा गो बाय. तुझ्या आवडीचं हाय."

"नंतर खाते."

"आता खा, माझ्यासमोर."

प्रणितानं डब्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि झाकण परत लावायला हात पुढं केले. मालूनं ते हात धरले. "माझं चुकलं," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द तिच्या तोंडून पोरीसमोर निघाला होता. "माझं चुकलं गो. वन्सं सांगत होत्या, मी ऐकलं नाय. तुला उपाशी मारली मी, त्या धा किलोंसाठी. आता चल रोह्याला. पयलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं. वेळच्या वेळी गरम वाढीन, कुणी काय बोलणार नाय तुला."

"व्हय, तुझं चुकलं," प्रणिता म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "पण मी नाय येत."

"अगो, लोक काय म्हणतील? माहेर असताना सासरी बाळंत व्हायचं?"

"म्हणू दे."

"पण का?"

"इथं मी चोरून तरी खाते," प्रणिता म्हणाली. "तू समोर असलीस का चोरूनसुद्धा घास उतरत नाय मला. तू काय बोलत नायस आता, माहितीय मला. पण तू बघतेस ना, तेवढ्यानं घसा बंद होतो."

मालूला वाटलं, हिनं कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. मालू दहा किलो उतरवायला गेली आणि पोरच तिच्या हातून निसटली. समजूत घालायची म्हटलं तर कुठल्या तोंडानं? पोटातलं बाळ वाढत नव्हतं, ते खाण्यावाचून वाढणार नव्हतं, आणि आईच्या नजरेपुढं लेक खाणार नव्हती. एवढं साधं गणित होतं.

मालू उठली. डब्याची चारही पुडं तिनं ओट्यावर एका रांगेत मांडली, झाकणं तशीच सैल ठेवली, शेजारी तांब्याभर पाणी ठेवलं. "ह्यातलं काय खाल्लंस, किती खाल्लंस, मी विचारणार नाय," ती म्हणाली. "दर बुधवारी डबा घेऊन येईन. ठेवीन आन् जाईन. आधीचा डबा रिकामा हाय का भरलेला, तेपण उघडून बघणार नाय. ठमाबाईलापण सांगते, कुणी बघायचं नाय."

मालू पदरानं तोंड पुसत बाहेर आली. स्वयंपाकघराच्या दारापलीकडे अंगणात पापड वाळत घातले होते, त्यांच्याजवळ ती भिंतीला टेकून, दाराकडे पाठ करून बसली. ठमाबाई काही विचारायला आली, तिला मालूनं हातानंच गप्प केलं. दोघी बायका उन्हात बसून राहिल्या. रोह्याची चारची गाडी गेली.

बऱ्याच वेळानं आत एका पुडाचं झाकण हळूच निघाल्याचा आवाज आला. ठमाबाईनं मान वळवली, तेव्हा मालूनं तिचा हात घट्ट धरला आणि स्वतः समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.